अडीच इंच

रविवारी सकाळी साडेदहा वाजता, घरी पोह्यांची कढई तशीच टाकून, मी एका बसच्या आत उकिडवी बसून दोन सीटांमधलं अंतर मोजत होते. हातात शिलाईच्या डब्यातली टेप. दारात गाडीवाले शेठ उभे, त्यांच्या मागे मॅनेजर, आणि माझ्या डोक्यावर टॉर्च धरून आमच्या बसमधले अण्णा. शेठ दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, गाडीला ब्लाउज शिवताय का?"

म्हटलं, हसा. दिवसाचे साडेतीन तास या सीटवर आम्ही काढणार आहोत, तुम्ही नाही.

आधी आमची बस म्हणजे काय ते सांगते. मी डोंबिवलीची. नोकरी अंधेरीला सीप्झमध्ये, अकाउंट्सला. लोकलने जायचं तर दादरला उतरा, पूल चढा, वेस्टर्नची गाडी पकडा, अंधेरीला पुन्हा बस नाहीतर रिक्षा. सात वर्षं केलं. मग दुसऱ्या बाळंतपणानंतर पाठ बोलायला लागली आणि एका मैत्रिणीने या बसचा नंबर दिला. कुठल्या कंपनीची बस नाही, सरकारी तर नाहीच. पन्नासेक माणसांनी एकत्र येऊन एका गाडीवाल्याकडून महिन्याच्या भाड्यावर घेतलेली गाडी. सकाळी ६:५० ला चार रस्ता, मग मानपाडा, काटई नाका, शीळफाटा, महापे, ऐरोली पूल, तिथून हायवेने जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, पवई, सीप्झ. संध्याकाळी तेच उलटं. कल्याण-डोंबिवली-बदलापूरकडून अशा कितीतरी गाड्या रोज निघतात. कुठे फलक नाही, थांबा नाही. ज्याला माहीत त्याला माहीत.

ही गाडी वाटेत हात दाखवला म्हणून थांबत नाही, यावर लोक चिडतात. रिकामी सीट दिसतेय, घेतलं एखाद्याला तर काय बिघडतं? बिघडतं. मोटार वाहन कायद्यात प्रवासी गाड्यांच्या दोन जाती आहेत. एक टप्प्याटप्प्यावर माणसं चढवत-उतरवत, प्रत्येकाकडून वेगळं भाडं घेत जाणारी, म्हणजे एसटी किंवा बेस्ट. दुसरी कराराची. तिच्यात करार आधी ठरतो, माणसं आधी ठरतात, आणि वाटेत अनोळखी प्रवासी घेता येत नाही. आमची दुसऱ्या जातीतली. म्हणून आमच्याकडे यादी असते, सीट नंबर असतात, आणि ती यादी माझ्याकडे असते. अकाउंट्सची बाई दिसली की जगात कुठलीही वर्गणी तिच्या गळ्यात पडते.

तर जुनी गाडी. ४९ सीट, दोन बाय दोन, एसी नाही. इंजिन पुढे, ड्रायव्हरमामांच्या डाव्या हाताला, त्यावर रेक्झिनचं झाकण. पावसाळ्यात त्या झाकणावर ओल्या छत्र्या वाळत घालायचो, मे महिन्यात पहिल्या ओळीत कोणी बसायला मागत नसे. खाली धक्के झेलायला लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगा. पाट्यांची गाडी भरली की बरी चालते, रिकामी असली की खडखडते, आणि मागच्या चाकांच्याही मागे ज्याची सीट आहे त्याचं काय होतं ते त्यालाच विचारावं. शीळफाट्याच्या खड्ड्यात शेवटची ओळ सीटवरून अक्षरशः वर उडायची. मी पाच वर्षं १८ नंबरला होते, दोन चाकांच्या बरोबर मधे. गाडीत सगळ्यात सुखाची जागा तीच. नवीन आलेल्याला मागे बसवायचं आणि कोणी सोडून गेलं की एकेक ओळ पुढे सरकायचं, ही आमची बढती.

गाडी जुनी झाली. शेठ म्हणाले दिवाळीनंतर नवी घालतो, तुम्ही ठरवा कशी पाहिजे. आणि इथून भांडण सुरू झालं.

शेठनी तीन गाड्या पुढे ठेवल्या. म्हणजे गाडी एकच, १२ मीटरची, एसी, इंजिन मागे, खाली पाट्यांऐवजी हवेचे फुगे. फक्त आतली मांडणी तीन तऱ्हांची. पहिली तीन बाय दोन, ५६ सीट. दुसरी दोन बाय दोन, ४५ सीट. ४५ म्हटल्यावर सगळ्यांची तोंडं उतरली, कारण आम्ही ४९. तेव्हा शेठनी तिसरी काढली: "एक ओळ वाढवतो ना. ४९. तुमचंही जमलं, माझंही जमलं."

पैशाचं असं होतं. ५६ ची गाडी महिन्याला २,१०,०००, म्हणजे माणशी ३,७५०. ४५ ची २,०७,०००, माणशी ४,६००. मधली ४९ ची पण २,०७,०००, माणशी ४,२२५ च्या आसपास. ५६ आणि ४५ मधे महिन्याला ८५० रुपयांचा फरक. आमचे २२ दिवस धरले तर दिवसाला ३९ रुपये. ग्रुपवर हा हिशेब टाकल्यावर पहिलं उत्तर आलं, "३९ रुपयात काय येतं हल्ली? एक वडापाव आणि एक कटिंग." दुसरं उत्तर आलं, "ताई, वर्षाला दहा हजार म्हणा ना." दोन्ही खरं. हिशेब कुठल्या बाजूने मांडायचा त्यावर सगळं असतं, हे आमच्या ऑफिसात मी रोज बघते.

पण सीट म्हणजे नुसता आकडा नाही ना. म्हणून ती टेप.

आपल्याकडे बसची रुंदी २.६ मीटरच्या वर नेता येत नाही, हा नियमच आहे. दोन्ही बाजूंचे पत्रे, आतलं अस्तर, खांब वजा केले की आत माझ्या टेपला ९५ इंच मिळाले. आता यात काय बसवायचं ते बसवा. तीन बाय दोनमधे पाच सीटा, प्रत्येकी १६ इंच, झाले ८०. राहिले १५, त्यातले दोनेक इंच दांड्यांना आणि फटींना गेले. मधल्या वाटेला उरले १३. तेरा इंच म्हणजे किती, तर मी सरळ चालू शकले नाही, तिरकी चालले, ट्रेमधून काहीतरी न्यायचं असल्यासारखी. दोन बाय दोनमधे सीट १८ इंच, चार सीटांचे ७२, हात टेकायच्या दांड्यांचे पाच, वाट १८ इंच. दोन्ही गाड्यांत ओळी अकराच. म्हणजे सगळा फरक एवढाच की एकेका ओळीत एक माणूस जास्त.

तो एक माणूस म्हणजे तिघांतला मधला. त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. खिडकीवाल्याला खिडकी आहे, वाटेवरच्याला निदान एक खांदा बाहेर काढता येतो. मधल्याला दोन्ही बाजूंनी माणसं, आणि हात ठेवायला स्वतःची मांडी. मी बसून बघितलं, एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला मॅनेजर. मॅनेजर बिचारा अंग चोरून बसला होता. सोळा इंचात अंग चोरूनसुद्धा खांदे लागतातच, कारण माणूस कमरेपेक्षा खांद्याला रुंद. सीट मोजणारे कंबर मोजतात. बाईमाणूस मधे आलं तर काय होणार ते मी शेठना तिथेच विचारलं. ते म्हणाले, "लेडीज लेडीज बसतील ना." आमच्यात बायका १९. तीनने भागा म्हटलं, एक उरते.

अण्णांना आठवली लहानपणीची लाल गाडी. एका बाजूला तिघांची सीट, दुसऱ्या बाजूला दोघांची, आणि तिघांच्या सीटवर आई, मावशी आणि दोघींच्या मांडीवर आपण. मलाही आठवते. चिपळूणहून आजोळी जाताना घाटात ओकारी आली की खिडकीवाला उठून जागा द्यायचा, त्या प्रेमाला इंच लागत नाहीत. पण एसटीनेही पुढे साध्या गाड्यांना दोन बाय दोन, ४४ सीट केल्या. कोरोनात निम्म्याच माणसांना परवानगी होती तेव्हा '२२ प्रवासी' हा आकडा सगळ्या महाराष्ट्राला पाठ झाला तो त्यामुळेच. आणि १ जून १९४८ ला पुण्या-नगरच्या रस्त्यावर एसटीची पहिली गाडी धावली ती ३० माणसांची, लाकडी बॉडीची, आत काथ्याच्या बैठका. अण्णा म्हणाले, "काथ्या चालेल, पण तीस माणसं द्या." शेठना विनोद कळला नाही.

५६ ची गाडी मी मनातून तिथेच काढून टाकली. पण ४९ ची? ती कागदावर इतकी शहाणी दिसत होती. सीट १८ इंचाचीच, वाट तेवढीच रुंद, कोणालाही उतरवायला नको. एक ओळ फक्त वाढणार. अकराच्या बारा.

आता ओळ वाढवायची म्हणजे गाडी तर लांब होत नाही. मी ४५ च्या गाडीत एका सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत मोजलं: ३१ इंच. अकरा ओळींचे ३४१. त्याच लांबीत बारा ओळी बसवल्या तर माझ्या मोबाइलवर आलं साडेअठ्ठावीस. प्रत्येकाच्या गुडघ्यासमोरचे अडीच इंच घेऊन ती चार माणसं बसणार होती.

अडीच इंच म्हणजे काय ते कळावं म्हणून शेठनी दुसऱ्या एका गाडीत नेलं, तिथे तशी मांडणी होती. माझी उंची पाच फूट दोन. मला काहीच कळलं नाही, अगदी आरामात बसले. मग अण्णा बसले. अण्णा सहा फुटाला दोन इंच कमी, आणि उजवा गुडघा कामातून गेलेला. त्यांनी पाय आत घेतले, पाठ टेकली, आणि गुडघे पुढच्या सीटच्या पाठीला टेकले. जोरात नाही, नुसते टेकले. "बरं आहे की," म्हणाले. मग मी पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि पुशबॅकचा खटका ओढला. पाठीमागून एक बारीकसा आवाज आला. अण्णा कधी ओरडत नाहीत. त्यांनी नुसता श्वास आत घेतला.

त्या साडेअठ्ठावीस इंचात पुशबॅक होतं, पण ते कोणी मागे घ्यायचं नव्हतं. घेतलं की मागच्याशी वैर. म्हणजे ज्या गोष्टीचे पैसे आपण मोजणार ती वापरली की भांडण. मी एकदा कोकणातून येताना एका रात्रीच्या गाडीत हे वैर पनवेलपासून ठाण्यापर्यंत ऐकलेलं आहे.

ग्रुपवर तिन्ही गाड्यांचे फोटो, इंच, पैसे सगळं टाकलं आणि मत मागितलं. आणि हेही लिहिलं की ४५ ठरली तर सगळ्यात शेवटी आलेल्या चौघांना सोडावं लागेल. नियम जुनाच आहे, पहिल्या वर्षी आम्हीच केलेला, पण तो आजवर कधी लावावा लागला नव्हता.

त्या चौघांत ४९ नंबरची एक मुलगी होती. पहिली नोकरी, तेवीस वर्षांची, आयरे रोडला राहते. ती आमच्याकडे आली जून २०२५ मधे. ९ जूनला मुंब्र्याच्या वळणावर गर्दीच्या दोन लोकलच्या दारांतून माणसं पडली आणि जीव गेले, त्याच आठवड्यात. तिच्या आईचा मला फोन आला होता. "तुमच्या बसमधे काहीही करून घ्या हो." त्या आठवड्यात मला असे अकरा फोन आले. रेल्वेवाले मुंबईच्या गर्दीला एक खास शब्द वापरतात, सुपर डेन्स क्रश लोड. एका चौरस मीटरला चौदा ते सोळा उभी माणसं. चौरस मीटर म्हणजे आपल्या घरातलं धुण्याचं मशीन आणि त्याच्यासमोर उभं राहायची जागा. तिथे चौदा माणसं. अशा ठिकाणाहून येणाऱ्या मुलीला मी अडीच इंच समजावणार होते.

मतं अशी पडली: ५६ ला १४, ४९ ला १२, ४५ ला २३. कोणी कशाला दिलं ते सगळ्यांना दिसतं, ही त्या व्हॉट्सअ‍ॅपची वाईट खोड. मी ४५ ला दिलं होतं. ४९ नंबरच्या मुलीने ५६ ला, आणि त्यात नवल नाही. नवल अण्णांचं. त्यांनी ४९ ला दिलं. मी फोन केला, म्हटलं अण्णा, तुमच्याच गुडघ्यासाठी एवढं केलं ना. म्हणाले, "अगं, माझं रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलंय. पोरांना खाली उतरवून मी पाय पसरून बसू?" मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत ते नेहमीसारखं पेपरचं मधलं पान माझ्याकडे देऊन स्वतः क्रीडा पान घेऊन बसले.

चौघांपैकी एकाला ऐरोलीला नोकरी लागली, त्याचं आपोआप मिटलं. तिघांना मीच फोन केले. दोघे समजून घेणारे निघाले. निदान तसं म्हणाले. मुलगी म्हणाली, "ठीक आहे ताई. रजेवर कोणी असेल त्या दिवशी येऊ शकते ना?" येऊ शकतेस म्हटलं, नावं यादीत ठेवते.

आता नवी गाडी.

पहिली पायरी टेपला १३ इंच भरते, जुनीची १७ होती. अण्णा दांडी न धरता चढले आणि वर जाऊन मागे वळून बघितलं, की कोणी पाहिलं का. आत वास नव्या रेक्झिनचा, दोन दिवस डोकं चढलं. प्रत्येक सीटला मोबाइल लावायची जागा, पाण्याच्या बाटलीची जाळी, डोक्यावर एसीची दोन गोल भोकं. ही भोकं दोन सीटांच्या बरोबर मधे यायला हवीत, पण ओळींचा आणि वरच्या पट्टीचा मेळ नसल्याने २२ नंबरवाल्याच्या दोन्ही भोकांचा वारा २१ वाल्याच्या टकलावर पडतो. खांबांचंही तेच. काही जणांना खिडकी म्हणून खांब मिळाला आहे. पाहायला जाताना सीट मोजली, पाठ मोजली, खिडकीसमोर काय येतं ते बघायचं मात्र राहून गेलं. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन.

हवेच्या फुग्यांची गाडी खड्ड्यात आपटत नाही, डुलते. शीळफाट्याला शेवटची ओळ आता उडत नाही, पण एक-दोघांना पहिल्या आठवड्यात होडीत बसल्यासारखं मळमळलं. आणि इंजिन मागे असल्याने पुढे इतकी शांतता, की ड्रायव्हरमामा फोनवर बायकोला काय सांगतात ते तिसऱ्या ओळीपर्यंत ऐकू येतं. त्यांना ते अजून माहीत नाही. शेवटच्या ओळीला मात्र पायाखालून ऊब येते. डिसेंबरात मजेची वाटली, मे यायचा आहे.

एसीचं एक गुपित मामांनी सांगितलं. थंड करणारा कॉम्प्रेसर गाडीच्या इंजिनावरच फिरतो. गाडी पळत असली की तोही जोरात फिरतो. काटई नाक्याला अर्धा तास गाडी जागेवर उभी, इंजिन नुसतं गुरगुरतंय, म्हणजे तोही गुरगुरतोय. म्हणजे जिथे एसीची सगळ्यात जास्त गरज तिथेच तो सगळ्यात कमी गार करतो. खिडक्या उघडत नाहीत, लाल हातोडी लावलेली बंद काच आहे. त्यामुळे कल्याण-शीळ रस्त्यावर ट्रॅफिक लागला की मामा आधीच सांगतात, पडदे ओढून घ्या.

आणि टोल. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईत शिरायच्या पाचही नाक्यांवर हलक्या गाड्यांना टोल माफ झाला, एसटीला आणि शाळेच्या बसलाही झाला. आमच्यासारख्या कराराच्या बसला नाही. ऐरोलीच्या नाक्यावर शेजारून एकेक माणूस बसलेली मोटार फुकट निघून जाते आणि ४५ माणसांची गाडी पैसे भरते. मला दरमहा ही ओळ हिशेबात लिहिताना पेन जरा जोरात दाबलं जातं. ४५ मोटारी रस्त्यावर आल्या नाहीत म्हणून उलट आम्हाला काहीतरी द्यायला हवं, निदान एक नारळ.

उतरताना काय फरक पडेल याचा विचार मी केला नव्हता, आणि सगळ्यात मोठा फरक तिथे पडला. जुन्या गाडीतली वाट अरुंद, शिवाय लोकांच्या बॅगा. सीप्झच्या गेटला गाडी रिकामी व्हायला पाच मिनिटं लागायची, मागे रिक्षांचे हॉर्न. आता अठरा इंचांच्या वाटेत बॅग पाठीला लावून माणूस सरळ चालतो. दोन मिनिटांत गाडी मोकळी. ५६ माणसं तेरा इंचातून काढायला किती लागली असती, याचा विचार करते आणि बरं वाटतं. मग लगेच तीन फोन आठवतात.

एक गोष्ट गेली. जुन्या गाडीच्या पाठी बुटक्या होत्या, मानेच्या खाली संपायच्या. मागे वळलं की चार ओळींपर्यंत चेहरे दिसायचे. त्यामुळे भिशी चालायची, दर मंगळवारी मागच्या ओळीतून आरती सुरू व्हायची, कोणाच्या मुलाची दहावी, कोणाच्या सासूचं ऑपरेशन, सगळं सगळ्यांना माहीत. नव्या सीटची पाठ डोक्याच्याही वर जाते. बसलं की समोर करडं कापड आणि स्वतःचा मोबाइल. पाय मोकळे, पाठीला आधार, गार हवा. ऐरोली पूल यायच्या आत सगळी बस झोपलेली असते. पहिल्या मंगळवारी मागून 'सुखकर्ता' सुरू झालं, दोन ओळी गायल्या गेल्या, आणि मधे कोणीच उचललं नाही म्हणून थांबलं. आरामच हवा होता ना, मिळाला. दसऱ्याला जुन्या गाडीला झेंडूचं तोरण घातलं तेव्हा सगळे फोटोत होते. नवीचा फोटो अजून कोणी काढलेला नाही.

रोज रात्री साडेआठच्या सुमाराला मी भांडी लावत असते तेव्हा मोबाइल वाजतो. "ताई, उद्या कोणी रजेवर?" पूर्वी त्याला एक हसरा चेहरा जोडलेला असायचा, आता नुसतीच ओळ असते. बहुतेक दिवशी मी "नाही ग" लिहिते. डिसेंबरात तिला सहा दिवस मिळाले, जानेवारीत आतापर्यंत दोन. बाकीचे दिवस ती सकाळच्या लोकलला असते, दारापासून आत जायला मिळालं तर कळवते, नाही मिळालं तर कळवत नाही.

आज तिचा मेसेज यायच्या आधी अण्णांचा आला. नातवाची मुंज आहे, उद्या आणि परवा येणार नाहीत, ३१ नंबर मोकळा. खाली त्यांनी लिहिलं होतं, "तिला सांग, पाय सोडून बस म्हणावं."